‘फास्ट’ म्हणजे जलद, घट्ट की उपाशी?

मुलुंड_मजकूर (प्रश्न)

एका आरोग्यपुस्तिकेचं आणि कापडाच्या काही माहितीपत्रकांचं मराठी करायचं आहे. त्यात ‘फास्ट’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि शाळेत पाठ केलेला ‘जलद’ हा अर्थ कुठेच बसत नाही. वाक्यं देवनागरीत देतो:

१) ‘ॲसिड-फास्ट बॅसिलाय नॉट सीन.’ थुंकीच्या तपासणीचा अहवाल. मशीनने केलेलं मराठी: ‘आम्ल जलद जीवाणू दिसले नाहीत.’
२) ‘फास्टिंग ब्लड शुगर.’ आधीच्या मसुद्यात ‘उपवासाची साखर’ असं आहे.
३) ‘कलर फास्ट टू लाइट, नॉट फास्ट टू वेट रबिंग.’ साडीच्या कापडाचं पत्रक.
४) ‘द लाँच वॉज मेड फास्ट टू द जेटी.’ मसुद्यात ‘लाँचचा वेग वाढवण्यात आला’. जेटीला लागलेल्या लाँचचा वेग कोण कशाला वाढवेल?
५) ‘शी ब्रोक हर फास्ट ॲट नून.’ उपास मोडला की सोडला?
६) ‘माउंटन फास्टनेस.’ डोंगरी मुलुखाच्या एका जुन्या वर्णनात.

जागचं न हलणारं आणि सुसाट पळणारं, दोन्हींना एकच शब्द कसा? हे वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात की मूळ एकच आहे? आणि वाक्य समोर आल्यावर अर्थ ठरवायची काही रीत आहे का?

धातुपाठ_दादर

मूळ एकच आहे, आणि त्या मुळाचा वेगाशी काही संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘फॅस्ट’ असा होता. अर्थ: घट्ट बसलेला, पक्का, न हलणारा. जर्मनमधला ‘फेस्ट’ आणि डचमधला ‘वास्ट’ ही त्याची सख्खी भावंडं. त्यांचा अर्थ आजही पक्का, स्थिर असाच आहे. तुमच्या यादीतली १, ३, ४ आणि ६ ही चारही वाक्यं या जुन्या अर्थाची आहेत. ‘फासन’, म्हणजे बांधणे, अडकवणे, हे क्रियापद त्यातूनच आलं. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ट’ आहे पण उच्चारात नाही, त्यामुळे ऐकताना नातं लक्षात येत नाही.

मग घट्टपणातून वेग कसा निघाला? मधली पायरी ‘जोर’. घट्ट धरायचं तर जोर लावून धरावं लागतं. म्हणून ‘फास्ट’ हे क्रियाविशेषण ‘घट्ट’वरून ‘नेटाने, जोर लावून’ या अर्थाकडे सरकलं. जोराने लढणं, जोराने मारणं आणि मग जोराने पळणं. जोराने पळणारा वेगाने पळतोच, त्यामुळे पुढे जोर विसरला गेला आणि वेग उरला. क्रियाविशेषणाला हा अर्थ साधारण तेराव्या शतकापासून मिळतो. विशेषण म्हणून, म्हणजे ‘फास्ट घोडा’ या धर्तीवर, तो सोळाव्या शतकात येतो. शब्दाच्या वयाच्या मानाने वेग हा अगदी उशिरा आलेला अर्थ आहे.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘दोरी जोरात धर’, ‘पाऊस जोरात आहे’, ‘जोरात पळ’ ही तीन वाक्यं पाहा. जोर हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ शक्ती. पहिल्या वाक्यात तो घट्टपणा सांगतो, दुसऱ्यात मारा, तिसऱ्यात निव्वळ वेग. ‘फास्ट’ने जो प्रवास शतकांत केला तो ‘जोरात’ने आपल्या रोजच्या बोलण्यात करून ठेवला आहे, आणि तरी आपला कधी गोंधळ होत नाही, कारण शेजारचं क्रियापद अर्थ ठरवून देतं.

उपासाचा अर्थही त्याच मुळाचा, फक्त फांदी वेगळी. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत ‘फास्तान’ म्हणजे धरून ठेवणे, राखणे, पाळणे, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ उपास करणे. नियम घट्ट धरून राहणे म्हणजे उपास. आता आपलं क्रियापद आठवा: आपण उपास ‘धरतो’. ‘आज चतुर्थी धरली आहे’ म्हणताना आपण नेमकी हीच कल्पना वापरतो. इतक्या दूरच्या दोन भाषांना न खाण्यासाठी ‘धरणे’च सुचावं, हे मला या शब्दातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

रीत विचारलीत. वाक्यातली क्रिया पाहा. धरणं, बांधणं, चिकटणं, अडकणं, टिकणं यांपैकी काही असेल तर घट्ट किंवा पक्का. चालणं, पळणं, वाढणं, बदलणं असेल तर जलद. खाणं-पिणं थांबवण्याचा संदर्भ असेल तर उपास. झोप आणि मैत्री ही दोन नामं मात्र पाठच करून ठेवा: ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे चटकन झोपी गेलेला नव्हे, गाढ झोपलेला. ‘फास्ट फ्रेंड्स’ म्हणजे पटकन जमलेली मैत्री नव्हे, गाढ मैत्री. ‘गाढ’ इथे योगायोगाने बसत नाही. संस्कृतात गाढ म्हणजे घट्टसुद्धा. गाढ आलिंगन म्हणतो ते त्याच अर्थाने.

सहाव्या वाक्याचं: ‘फास्टनेस’ म्हणजे बळकट, सहजी हाती न लागणारी जागा. जुन्या इंग्रजीत याच घराण्यातला ‘फॅस्टेन’ हा शब्द गढी किंवा किल्ला या अर्थाने होता. संदर्भात तटबंदी असेल तर ‘डोंगरी किल्ला’, नसेल तर ‘डोंगरातलं बिकट ठाणं’ करा. वेगाचं नाम ‘फास्टनेस’ होत नाही, ते ‘स्पीड’ होतं.

कोशवाचक_गोरेगाव

धातुपाठ यांच्या उत्तराला एक पुरवणी. इंग्रजी कोशांत ‘फास्ट’ला सहसा दोन वेगळ्या नोंदी असतात: घट्ट आणि जलद एका नोंदीत, उपास दुसऱ्या नोंदीत. ते पाहून दोन परके शब्द समजू नका. वापर पुरता वेगळा झाल्यामुळे नोंदी वेगळ्या केल्या आहेत, मूळ सामाईकच.

आता पाचवं वाक्य, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद इंग्रजीत दोन्ही कामं करतं. आपल्याकडे नियमाप्रमाणे वेळ झाली, नैवेद्य दाखवला आणि जेवण केलं, तर उपास सोडला. मध्येच विसरून चकली तोंडात टाकली, तर उपास मोडला. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात त्याला पारणं म्हणतात, आणि पारणं फेडतात. हिशोब पुरा केल्याचा भाव त्यात आहे. तेव्हा ‘ॲट नून’ ही ठरलेली वेळ असेल तर ‘दुपारी बाराला उपास सोडला’, आणि आजूबाजूच्या वाक्यांत चूक, मोह किंवा आजारपण असेल तर ‘मोडला’. वाक्य सुटं असेल तर ‘सोडला’ घ्या, कारण इंग्रजीत त्याचाच वापर जास्त आहे. ‘ब्रेकफस्ट’ हा शब्दही त्याच अर्थाचा, रात्रभराचा उपास सोडणे. पंधराव्या शतकातला आहे.

उपास आणि उपोषण यांतला भेदही इंग्रजीत नाही. देवासाठी केला तर उपास, मागणीसाठी केलं तर उपोषण. आझाद मैदानाच्या बातम्यांचं भाषांतर करताना: ‘फास्ट अंटू डेथ’ आमरण उपोषण, ‘इंडेफिनिट फास्ट’ बेमुदत उपोषण, ‘रिले फास्ट’ साखळी उपोषण, ‘टोकन फास्ट’ लाक्षणिक उपोषण. हे चारही शब्द वर्तमानपत्रांनी रुळवलेले आहेत, नवीन घडवायची गरज नाही.

नमुना_परळ

१ आणि २ बद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे भाषांतर चुकलं तर माणूस चुकीची समजूत घेऊन घरी जातो.

‘ॲसिड-फास्ट’मधला ‘फास्ट’ म्हणजे रंग पक्का धरणारा. क्षयाच्या जंतूच्या भिंतीत मायकोलिक ॲसिड नावाचे लांब, मेणासारखे रेणू असतात. त्यामुळे त्याला रंग चढवणं अवघड, पण एकदा चढला की आम्लाने धुतला तरी तो सुटत नाही. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी पाउल एर्लिख यांनी हा आम्लाला दाद न देणारा गुण दाखवला. त्सील आणि नेल्सन यांच्या सुधारणांनंतर ती रीत त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. जर्मनमध्ये या गुणाला ‘झॉयरेफेस्ट’ म्हणतात. त्यातला ‘फेस्ट’ म्हणजे वर सांगितलेलं इंग्रजी ‘फास्ट’चं भावंड.

प्रत्यक्ष कृती अशी. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून वाळवतात आणि आचेवर धरून पक्का करतात. त्यावर १ टक्का कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून वाफ निघेपर्यंत खालून तापवतात आणि ५ मिनिटं ठेवतात. उकळू द्यायचा नाही. उकळला किंवा पट्टीवर आटला तर रंगाचे कण बसतात आणि ते जंतूंसारखे दिसू शकतात. मग पाण्याने धुऊन २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल २ ते ४ मिनिटं. या पायरीला बाकीच्या पेशी आणि इतर बहुतेक जंतू रंग सोडून देतात. मग ०.१ टक्का मेथिलीन ब्लू अर्धा मिनिट. शेवटी निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात, त्या ॲसिड-फास्ट. थर जाड झाला किंवा आम्ल कमी वेळ राहिलं तर सगळंच लालसर दिसतं आणि वाचन बिघडतं.

मराठी करताना ‘आम्लरोधी’ सुचवतील. मला तो अपुरा वाटतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं की जंतू आम्लाने मरत नाही. सांगायचं आहे रंगाबद्दल. तुमच्या पुस्तिकेत असं लिहा: ‘आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे जंतू (क्षयाचे जंतू या प्रकारचे असतात) दिसले नाहीत.’ लांब होतं, पण कळतं. आणि त्याखाली एक ओळ नक्की घाला: ‘दिसले नाहीत म्हणजे क्षय नाहीच असं नव्हे.’ सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीलीटर थुंकीत सुमारे ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर अहवाल निगेटिव्ह येतो, म्हणून डॉक्टर जनुकीय चाचणी किंवा कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) करायला सांगतात.

अहवालात जंतू दिसल्याची नोंद असेल तर शेजारी आकडा असतो, त्याचंही मराठी लागेल. १०० क्षेत्रांत मिळून १ ते ९ जंतू दिसले तर ‘स्कँटी’ आणि नेमका आकडा. १० ते ९९ असतील तर १+. दर क्षेत्रात १ ते १० असतील तर २+. दर क्षेत्रात १० पेक्षा जास्त असतील तर ३+. क्षेत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारा गोल भाग. ‘स्कँटी’ला ‘अपुरा’ म्हणू नका, लोकांना नमुना अपुरा होता असं वाटतं. ‘मोजके’ म्हणा.

आता ‘फास्टिंग शुगर’. ‘उपवासाची साखर’ कृपा करून काढून टाका. महाराष्ट्रात उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, दूध, केळी. ‘उपवास करून या’ असं वाचून माणूस खिचडी खाऊन प्रामाणिकपणे रांगेत उभा राहतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, साखर चढतेच, आणि नसलेला मधुमेह कागदावर दिसू शकतो. शब्द आहे ‘उपाशीपोटी’. सकाळी काही न खाता करायच्या गोष्टीला ‘अनशापोटी’ हा त्याहून नेमका शब्द आहे, पण मुंबईत तरुण मंडळींना तो ठाऊक असेलच असं नाही.

शब्दाबरोबर सूचनाही द्या: निदान ८ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं, चहा, कॉफी, दूध, सरबत, पान-तंबाखू काही नाही, रोजच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आकडे: १०० मिलीलीटर रक्तद्रवात १०० मिलीग्रॅमच्या खाली साखर असली तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर असेल तर पुन्हा तपासून निदान. जेवणानंतरची साखरही तपासायची असेल तर तिचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे.

मुलुंड_मजकूर

खूप आभार, साबुदाण्याचा मुद्दा ध्यानातच आला नव्हता. एक शंका. शस्त्रक्रियेच्या पानावरही ‘फास्टिंग’ आहे. तिथेही उपाशीपोटीच का?

नमुना_परळ

तिथे शब्द तोच, सूचना वेगळी. भूल देताना पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये हा हेतू असतो, त्यामुळे पाण्यालाही मर्यादा येते. मोठ्या माणसांसाठी सर्वसाधारण नियम हलक्या खाण्यानंतर ६ तास, तळलेल्या-तुपकट जेवणानंतर ८ तास, साध्या पाण्यानंतर २ तास. पण रुग्णालय आपल्या यादीप्रमाणे वेळ देतं, म्हणून पुस्तिकेत ‘किती वाजल्यापासून खायचं नाही आणि किती वाजल्यापासून पाणीही प्यायचं नाही’ अशा दोन रिकाम्या जागा सोडा. रक्ततपासणीच्या पानावरचं ‘पाणी चालेल’ हे वाक्य इथे चुकूनही उचलून आणू नका.

पक्कारंग_माटुंगा

तिसऱ्या वाक्याचा ‘फास्ट’ कापडवाल्यांच्या भाषेत ‘पक्का’. पण ‘पक्का रंग’ एवढंच लिहिलं तर ते पत्रक निरुपयोगी, कारण रंग कशाला पक्का हे सांगायला लागतं. मराठीत त्यासाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती वापरावीत. उन्हाने रंग विटतो. धुताना रंग जातो. घासून दुसऱ्या कपड्याला रंग लागतो. इंग्रजीत या तिन्हींना ‘फास्टनेस’ हा एकच शब्द आणि मागे ‘टू लाइट’, ‘टू वॉशिंग’, ‘टू रबिंग’ अशी शेपटी. तुमचं वाक्य: ‘उन्हाने विटत नाही, ओलं असताना घासल्यास रंग लागतो.’

एकच रंग एका गोष्टीला पक्का आणि दुसरीला कच्चा कसा असू शकतो, असं गिऱ्हाईक विचारेल. नीळ हे ठळक उदाहरण. निळीचा रंग धाग्याच्या पृष्ठभागाजवळ कणांच्या रूपात बसतो. पाण्यात तो विरघळत नाही, पण घासला की कण निघतात, आणि ओल्या घर्षणाने जास्त निघतात. रिॲक्टिव्ह रंगांचं उलट: त्यांचा सुती धाग्याशी रासायनिक बंध होतो, म्हणून ते मुळात पक्के. तरीही नवी साडी पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडते, कारण रंगाईच्या वेळी बंध न झालेला जादा रंग धाग्यात राहिलेला असतो. कारखान्यात तो साबणाच्या गरम पाण्यात नीट काढून टाकायला हवा. पाणी आणि वेळ वाचवायला ही पायरी उरकली की घरच्या बादलीत तक्रार येते.

आकडे वाचताना एक सापळा आहे. घासण्याची आणि धुण्याची प्रत १ ते ५ अशी देतात, ५ उत्तम. उजेडाची प्रत १ ते ८ अशी निळ्या लोकरीच्या नमुन्यांशी ताडून देतात, ८ उत्तम. म्हणजे घासण्याला ४ म्हणजे चांगलं आणि उजेडाला ४ म्हणजे मध्यम. पत्रकात दोन्ही आकडे शेजारी आले तर ‘५ पैकी ४’, ‘८ पैकी ४’ असं लिहा, नुसता ४ नको. घासण्याची चाचणी आयएसओ १०५-एक्स१२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते: यंत्राच्या १६ मिलीमीटर व्यासाच्या बोटावर पांढरं सुती कापड बांधून, ९ न्यूटन दाबाने, कापडावर १० वेळा मागे-पुढे, एकदा कोरडं, एकदा ओलं. ओल्याची प्रत बहुतेक वेळा कोरड्याहून खाली येते.

दुकानात पाहायचं तर पांढरा सुती रुमाल ओला करून पिळून घ्या आणि पदराच्या आतल्या टोकाला दहा वेळा घासा. रुमालाला किती लागलं ते दिसतं. उन्हाचं मात्र असं दुकानात कळत नाही.

आणि पत्रकात ‘पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होईल’ असं असेल तर ते काढा. रंगाईच्या वेळी मीठ घालतात ते रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. तयार कापडात सुटा राहिलेला रंग मिठाने धाग्याला बांधला जात नाही. मिठाच्या पाण्यात तो कमी सुटतो एवढंच, पुढच्या साध्या धुण्यात येतोच. पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा, इतकी सूचना पुरते.

धक्का_माझगाव

‘मेड फास्ट’ म्हणजे दोराने बांधून पक्की केली. ‘लाँच जेटीला बांधली’ इतकं पुरेसं. उलट क्रिया ‘लेट गो’, दोर सोडणे. सगळे दोर लागले की इंग्रजीत ‘ऑल फास्ट’ म्हणतात.

एक बारकावा भाषांतरात हरवू नये. इथे पक्की म्हणजे करकचून नव्हे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला पार खाली उतरतं. भाऊच्या धक्क्याला भरतीत आखूड दोराने करकचून बांधलेली लाँच ओहोटीत दोरांना लटकते. दोर तुटतो नाहीतर बोटीवरचा खुंट उपटतो. म्हणून पुढचा आणि मागचा दोर लांब आणि तिरका घेतात, दोराचा फासा धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला, म्हणजे बोलार्डला, घालतात आणि पाणी उतरेल तसा दोर सोडत राहतात. सूचनापत्रात ‘घट्ट बांधा’ लिहाल तर वाचणारा तेच करेल. ‘सुटणार नाही अशी बांधा’ लिहा.

‘हार्ड अँड फास्ट रूल’ हा प्रयोगही जहाजाचाच. किनाऱ्यावर चढून रुतलेल्या, हलता हलत नसलेल्या जहाजाला ‘हार्ड अँड फास्ट’ म्हणत. ‘कडक आणि जलद नियम’ असं कुणी केलेलं दिसलं तर दुरुस्त करा. मराठीत ‘काटेकोर नियम’, नाहीतर ‘काळ्या दगडावरची रेघ’.

व्याकरण_विलेपार्ले

वेगाच्या अर्थाने ‘फास्ट’ कसा वापरायचा याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि आपल्याकडच्या चुका नेमक्या तिथे होतात.

‘फास्टली’ लिहू नका. ‘स्लो–स्लोली’च्या चालीवर मुलं तो करतात, पण आजच्या इंग्रजीत ‘फास्ट’ हेच विशेषण आणि हेच क्रियाविशेषण. ‘ही रन्स फास्ट.’ जागाही ठरलेली आहे: क्रियापदानंतर. ‘ही फास्ट रॅन’ चूक. ‘ही क्विकली रॅन’ चालतं.

दुसरी चूक ‘लवकर’मुळे होते. मराठी ‘लवकर’ इंग्रजीत तीन ठिकाणी विभागला जातो. ठरल्या वेळेआधी म्हणजे ‘अर्ली’, थोड्याच वेळात म्हणजे ‘सून’, कमी वेळात उरकून म्हणजे ‘क्विकली’. ‘फास्ट’ यांपैकी कशातच पूर्ण बसत नाही. तो हालचालीची गती सांगतो. ‘लवकर उत्तर द्या’ला ‘रिप्लाय फास्ट’ म्हटलं तर कळतं, पण नीट इंग्रजी ‘रिप्लाय सून’. मुंबईचं ‘फास्ट फास्ट कर’ हे मराठी ‘भरभर’, ‘पटापट’च्या द्विरुक्तीवर बेतलेलं आहे. मराठी बोलताना ते छान आहे, इंग्रजी पत्रात नको.

‘फास्ट लोकल’मध्ये तर वेग हा अर्थही दुय्यम आहे. फास्ट म्हणजे मधली स्टेशनं गाळणारी. विरार फास्ट बोरिवलीच्या पुढे साधारणपणे प्रत्येक स्टेशनला थांबते, तरी तिचं नाव फास्टच राहतं. उद्घोषणेत ‘जलद’ आणि ‘धीमी’ आहेत, तेच घ्या.

घड्याळाचं वेगळं. ‘माय वॉच इज फाइव्ह मिनिट्स फास्ट’ म्हणजे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. दिवसागणिक पुढे जातंय असं सांगायचं असेल तर इंग्रजीत ‘गेन्स’ वापरतात. गोळ्यांच्या वेळा असलेल्या पुस्तिकेत हा फरक लागेल.

मुलुंड_मजकूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मसुदा असा आहे, कृपया पाहा:

१) आम्लाने धुऊनही रंग न सोडणारे जंतू (क्षयाचे जंतू या प्रकारचे असतात) दिसले नाहीत. दिसले नाहीत म्हणजे क्षय नाहीच असं नव्हे.
२) उपाशीपोटी साखर. आदल्या रात्रीपासून ८ तास काही खाऊ-पिऊ नये.
३) उन्हाने विटत नाही, ओलं असताना घासल्यास रंग लागतो.
४) लाँच जेटीला बांधली.
५) तिने दुपारी बाराला उपास सोडला.
६) डोंगरातलं बिकट ठाणं.

नमुना_परळ

दुसरं बदला. ‘खाऊ-पिऊ नये’ वाचून लोक पाणीही सोडतात. मे महिन्यात तसं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रांगेत चक्कर येते आणि शीर सापडायलाही त्रास होतो. शिवाय ‘आदल्या रात्रीपासून’ आणि ‘८ तास’ एकत्र आले की वेळ कुठून मोजायची ते कळत नाही. असं लिहा: ‘रक्त देण्याआधी ८ तास काही खाऊ नका. साधं पाणी प्या. चहा-दूध नको. उपासाचे पदार्थही नकोत.’